कूलरसमोरची रायफल

सचिवांचा फोन आला तो दुर्बिणीसाठी. सीताबर्डीत माझं कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान आहे. रिळाचे कॅमेरे गेले तसं काम आटलं, पण भिंगांवरची बुरशी काढायचं काम नागपुरात बारमाही चालतं. "आमच्या हॉलमध्ये एक बंदूक आहे, तिच्या दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, एकदा पाहून घ्या," एवढंच ते म्हणाले. संस्था जुनी आहे. नाव इथं देत नाही, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात थोडी तक्रारही आहे.

रायफल सात फूट उंचीवर दोन लोखंडी हुकांवर आडवी टांगलेली होती. दस्ता डावीकडे, नळी उजवीकडे. लाकडावर लालभडक चकाकणारं व्हार्निश, लोखंड कुठं आरशासारखं पांढरं तर कुठं तांबूस, आणि दुर्बिणीच्या कड्यांना चंदेरी रंग. लग्नाच्या वरातीत मिरवायची बंदूक वाटावी अशी. तरी शिडीवर चढून जवळून पाहिलं तेव्हा डाव्या अंगाला चिकटलेला, दुर्बीण धरणारा तो कमानदार ब्रॅकेट दिसला आणि मी शिडीवरच थांबलो. ही ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ (टी) होती. 'टी' म्हणजे टेलिस्कोप.

ही कोण, हे थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या नंबर ४ रायफलींमधून अचूक नेम देणाऱ्या वेगळ्या काढल्या जात. १९४२ पासून त्यातल्या बहुतेक लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे जाऊ लागल्या. तिथं रायफलीच्या डाव्या अंगाला दोन पोलादी पॅड बसवत, दस्त्यावर गाल टेकायला लाकडी उंचवटा लावत, आणि नंबर ३२ ची दुर्बीण जोडत. ही दुर्बीण मुळात 'ब्रेन' नावाच्या मशीनगनसाठी आखली होती, नशिबाने रायफलीवर आली. अशा वीस हजारांहून जास्त रायफली तयार झाल्या. भारतीय सैन्यातही स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं त्या स्नायपरच्या हातात होत्या. आपल्या इशापूरच्या कारखान्यात नंबर १ मार्क ३ ही आधीची रायफल बनत असे, नंबर ४ तिथं कधी बनली नाही. त्यामुळे हॉलमधली ही बाई विलायतेतूनच आलेली, हे नक्की.

आता कायद्याचं. ३०३ बोअर, म्हणजे या रायफलीच्या नळीचं माप, आपल्याकडे प्रतिबंधित आहे, आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची नुसती दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. माझ्याकडे तो नाही. सूट आहे ती कलम ४५ मध्ये: जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. यातला 'दुरुस्त करूनही' हा शब्द महत्त्वाचा. नुसतं बिघडलेलं असून भागत नाही. म्हणून मी सचिवांना म्हटलं, कागद दाखवा, नाहीतर मी शिडीवरून खाली. कागद होता. सैन्याने देताना रायफल कायमची निकामी केल्याचं पत्र एका फाइलीत, वाळवीने दोन कोपरे खाल्लेलं पण वाचता येणारं. त्याची प्रत जोडून संस्थेने पोलिसांना कळवलं, आणि ते कळवल्याची पोच हातात आल्यावरच रायफल खाली उतरली. यात तीन आठवडे गेले. सचिव कुरकुरले. त्यांना वर्धापनदिनाआधी ती 'चकाचक' हवी होती.

मला दुर्बीण कळते, रायफल कळत नाही. म्हणून कामठीचे एक निवृत्त सुभेदार साहेब बरोबर घेतले. आयुष्यभर आर्मरर, म्हणजे फौजेत हत्यारं सांभाळणारे. आले, टेबलावरची रायफल उचलली, बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवून नळी बंद करणारा दांडा, काढला, नळीत उजेड टाकून पाहिलं. नळीत पोलादी सळई वेल्ड केलेली, बोल्टचं तोंड तासलेलं, काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन नाहीच. "मेलेली आहे. आता बोला," म्हणाले. मग उजवी बाजू वर केली आणि त्यांचा चेहरा पडला.

"काउन जी भाऊ, हे येवढं घासलं कोणी?"

कोणी, ते कळलं. पाच-सहा वर्षांपूर्वी हॉल रंगवायला ठेकेदार आला होता. त्याच्या कारागिराला कोणीतरी म्हटलं, ती बंदूकही जरा नीट कर. त्याने ड्रिलमशीनला तारेचा गोल ब्रश लावला आणि गंज घासून काढला. गंजाबरोबर खालचा काळा लेपही गेला, आणि लेपाखालच्या कडा गोल झाल्या. बोल्टची मूठ, बॉडीची उजवी भिंत, नळीचं उघडं टोक, नेम धरायच्या पुढच्या माशीचे कान, सगळं पांढरंफटक. मग लाकडावर व्हार्निशचे दोन हात. दुर्बिणीची कडी त्याला बहुतेक उदास वाटली असावीत, म्हणून चंदेरी रंग.

मग सुभेदार साहेबांनी रायफल उलटी केली. डावी बाजू जशीच्या तशी होती. लेप काळा, कोपरे तीक्ष्ण, ठसे स्पष्ट. 'टी' वाचता येत होता, ब्रॅकेटवरचा रायफलीचा क्रमांक वाचता येत होता. कारण सोपं होतं. त्या कारागिराने रायफल हुकांवरून काढलीच नाही. शिडीवर उभा राहून जेवढं समोर दिसलं तेवढंच केलं. त्याने जिथं मेहनत घेतली तिथं रायफल गेली, जिथं आळस केला तिथं वाचली. सुभेदार साहेब हसले. "कामचोर होता म्हणून बरं झालं बाप्पा."

पण एक गोष्ट जुळत नव्हती, आणि माझ्या मते या प्रकरणाचं खरं मूळ तिच्यातच होतं.

भिंतीला टांगलेल्या वस्तूचा गंज साधारण भिंतीच्या बाजूला जास्त असतो. पावसाळ्यात भिंत ओल धरते, मागं हवा खेळत नाही. इथं उलटं होतं. भिंतीकडची डावी बाजू ठीक, हॉलकडची उजवी बाजू गंजलेली, आणि नळीच्या टोकाकडे गंज वाढत गेलेला. मला आधी वाटलं तारेच्या ब्रशमुळेच: लेप गेला, उघडं लोखंड गंजलं. ते काही अंशी खरंच होतं. पण ब्रश जिथं पोचलाच नव्हता, त्या नळी आणि लाकूड बांधणाऱ्या पट्ट्यांच्या आतल्या कडांना, दुर्बिणीच्या पुढच्या गळ्याखालीही तोच ताजा तांबूस गंज. आणि पुढच्या भिंगावर पांढरे कडक ठिपके. बुरशी अशी नसते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते.

ते ठिपके मी कुठं पाहिलेत, हे आठवायला दोन दिवस लागले. घरी कूलर साफ करताना जाळीवर तेच दिसले. पाण्यातला चुना.

मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता मी पुन्हा हॉलमध्ये गेलो. उजवीकडच्या खिडकीत हत्तीएवढा डेझर्ट कूलर, ताट्या नव्या घातलेल्या, पंखा फुल. रिकाम्या हुकांखाली उभा राहिलो तर तोंडावर बारीक तुषार आले. हुकाला दोरीने आर्द्रता-मापक टांगला. बाहेर व्हरांड्यात त्याने १८ टक्के दाखवले होते, इथं अर्ध्या तासात ७० च्या वर. संध्याकाळी कूलर बंद झाला की हॉल पुन्हा सुकणार. म्हणजे उन्हाळ्याचे तीन-चार महिने रोज ही रायफल भिजत होती आणि रोज वाळत होती, वर क्षारांचा फवारा. आपण विदर्भातली माणसं उन्हाळा कोरडा म्हणून निर्धास्त असतो. गंज म्हटलं की मुंबई-रत्नागिरी आठवते. कूलरसमोर टांगलेल्या लोखंडाला मात्र नागपुरातही रोजचं कोकण मिळतं. लाकडाचंही तेच: फोरएंडला, म्हणजे नळीखालच्या लांब लाकडाला, उजव्या बाजूनेच तीन बारीक उभ्या भेगा होत्या.

हे कळलं नसतं तर आम्ही सगळं साफ करून रायफल परत त्याच हुकांवर ठेवली असती.

आता कामाचं. पहिला नियम सुभेदार साहेबांचा: स्क्रूच्या खाचेत बरोबर मावणारा पाना मिळाल्याशिवाय स्क्रू फिरवायचा नाही. लोहा ओळीत मिळणारे स्क्रूड्रायव्हर पाचरीसारखे निमुळते असतात, खाचेच्या तोंडाशीच पकड घेतात आणि कड फोडतात. त्यांनी चार स्क्रूड्रायव्हर घासून घासून समांतर केले, प्रत्येक एका स्क्रूसाठी. त्यात एक पूर्ण दिवस गेला. मला आधी ते अति वाटलं. ट्रिगर गार्डचा पुढचा मोठा स्क्रू, ज्याला हे लोक किंग स्क्रू म्हणतात, तो तेल मुरवून दोन दिवसांनी एका दमात सुटला आणि खाच कुमारी राहिली, तेव्हा मी काही बोललो नाही.

मॅगझिन काढलं तर आत कुंभारीण माशीची दोन मातीची घरं. वाळून दगड झालेली. माती ओल धरते, म्हणून त्यांच्याखाली लोखंडाला बारीक खड्डे पडलेले. ती माती ओली करून बांबूच्या काडीने काढली.

फोरएंडच्या मागच्या भागात लाकडातून आरपार गेलेला एक आडवा स्क्रू निघाला. सचिव म्हणाले, हा त्या रंगवाल्यानेच ठोकला असेल, काढून टाका, भोक बुजवा. सुभेदार साहेबांनी मान हलवली. तो इशापूर स्क्रू. फोरएंडचं लाकूड चिरू नये म्हणून आपल्याकडच्या फौजी वर्कशॉपमध्ये असा स्क्रू घालत असत. विलायती रायफलीच्या अंगावरची ती देशी दुरुस्ती आहे, ती हिंदुस्थानात राबली याचा पुरावा. तो तसाच ठेवला.

व्हार्निश काढताना मी घाबरलेलो होतो, त्याला कारण होतं. या रायफलींमध्ये दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या गळ्यावर, वरच्या बाजूला लाकडात ठोकलेला असतो, आणि ब्रॅकेटवर रायफलीचा. म्हणजे दुर्बीण कोणत्या रायफलीची आणि रायफल कोणत्या दुर्बिणीची, हे दोन्हीकडून लिहिलेलं. जोडी जुळली तर ती एक वस्तू आणि नाही जुळली तर दोन वस्तू. पण लाकडातला ठसा पॉलिश पेपरचे चार हात मारले की जातो, आणि आपल्याकडे व्हार्निशआधी पॉलिश पेपर मारतातच. दस्त्याच्या गळ्यावर कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून ठेवला, पाच मिनिटांनी उचलला, लाल चिखल पुसला. पुन्हा. तिसऱ्या बोळ्यानंतर आकडे वर आले, एक एक करून, पाचही. पेपर मारलाच नव्हता. व्हार्निश थेट जुन्या मळावर ओढलं होतं. दुर्बिणीच्या नळीवरचा आकडा मी वाचत गेलो, सुभेदार साहेब दस्त्यावरचा. पाचवा आकडा जुळला तेव्हा ते खुर्चीवरून उठले आणि बाहेर जाऊन विडी ओढून आले.

त्या कारागिराच्या आळसाला हा दुसरा नमस्कार.

लाकडाला आम्ही पेपर लावला नाही. डाग, ओरखडे, हातांनी पडलेला काळसरपणा ठेवला. फक्त हुकाने दबलेल्या दोन खोलगट जागा ओलं फडकं आणि गरम इस्त्रीने वाफ देऊन थोड्या वर आणल्या. मग तेल. ब्रिटिश सैन्यात रायफलीच्या लाकडाला कच्चं जवसाचं तेल देत, आणि जवस हे तर आपलंच पीक. रंगाच्या दुकानात मिळतं ते बेल तेल उकळलेलं, लवकर सुकणारं, वर चकाकणारी साय धरणारं. ते नको होतं. इतवारीतल्या घाणीवरून चटणीवाल्या घरांना जातं तेच कच्चं तेल अर्धा लिटर आणलं. तळहातावर चार थेंब, तळहात लाकडावर घासत राहायचं, तापला की थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. अकरा दिवस. खोलीला आजीच्या स्वयंपाकघराचा वास येत होता.

याच तेलाने मला एक धडाही दिला. तेल पुसलेली फडकी मी गोळा करून गच्चीवरच्या प्लास्टिकच्या बादलीत टाकत होतो. जवसाचं तेल सुकतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं, आणि घेताना तापतं. चिंध्या चुरगळून एकावर एक पडल्या की ती उष्णता बाहेर जात नाही. हे मला पुस्तकात माहीत होतं. मेची दुपार, पत्र्याची शेड, बादली. साडेचारला शेजारच्या वहिनींनी हाक मारली की तुमच्याकडे काहीतरी जळून राहिलं. बादलीचा तळ वितळून बसला होता. तेव्हापासून चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवतो, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवतो.

लोखंडाबद्दल वाद झाला. सचिवांचं म्हणणं, पांढऱ्या बाजूला पुन्हा काळा लेप चढवा, दोन्ही बाजू सारख्या दिसतील. बाजारात तसं रसायन मिळतं. पण ते चढवायला आधी पृष्ठभाग आणखी घासून गुळगुळीत करावा लागतो, म्हणजे त्या कारागिराचं उरलेलं काम आम्ही पुरं करणार. शिवाय नवा काळा आणि जुना काळा कधीच एक दिसत नाहीत; जुन्याच्या शेजारी नवा बसवला की जुना मळका वाटतो. आम्ही नकार दिला. तांबूस गंज तेल आणि मऊ स्टील वूलने हलक्या हाताने काढला, काळा झालेला जुना गंज राहू दिला, कारण तो स्थिर असतो. छोटे भाग, म्हणजे स्क्रू, पट्ट्या, खांद्याच्या पट्ट्याच्या कड्या, पाण्यात उकळले. डिस्टिल्ड पाण्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि क्लोराइड लोखंडात मुरलं की गंज आतून चालू राहतो. वीस-पंचवीस मिनिटं उकळल्यावर लाल गंज मखमली काळा होतो. लाल ऑक्साइडचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. वरची काजळी पुसली की खाली काळा, घट्ट थर. त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. साधं मेणबत्तीचं किंवा मधमाशीचं मेण नागपुरी उन्हाळ्यात मऊ पडून धूळ धरतं.

पांढरी बाजू पांढरीच राहिली, फक्त मेण लावून.

आणि आता दुर्बीण, जिच्यासाठी मला बोलावलं होतं.

ही मार्क २ होती. मार्क १ मध्ये नेमाच्या डाव्या-उजव्या सुधारणेचा एक टिचका दोन मिनिटांचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) पडे, मार्क २ मध्ये एक मिनिटाचा, म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच. वरच्या ड्रमवर, म्हणजे फिरवायच्या गोल कळीवर, हजार यार्डांपर्यंतचं अंतर, डाव्या ड्रमवर आडवी सुधारणा. तीनपट मोठं दाखवते, बस. आजच्या पोरांना खेळण्यातली वाटेल. आतली खूण म्हणजे एक टोकदार खांब आणि आडवी बारीक तार, आणि गंमत अशी की ड्रम फिरवला की ती खूणच सरकते; चित्राच्या मध्यावरून खाली-वर, डावी-उजवीकडे जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं दुर्बीण वाकली. ती तशीच असते.

दोन्ही ड्रम दगडासारखे अडकलेले. आतलं ग्रीस सुकून लाख झालं होतं. इथं जोर लावणं म्हणजे आतली तार तोडणं. दर दोन तासांनी सुईने एक थेंब स्पिरिट, असं तीन दिवस. चौथ्या दिवशी वरचा ड्रम बोटाखाली अगदी किंचित हलला. टिचकाही ऐकू आला. बाजूच्या ड्रमला आणखी दोन दिवस.

आणि इथं मी चूक केली. ड्रम सुटल्याच्या आनंदात वरचा मळ काढायला ॲसिटोनचा बोळा फिरवला. ड्रमवर कोरलेल्या आकड्यांमध्ये पांढरा रंग भरलेला होता, मळाखाली लपलेला. बोळ्यावर तो आला तेव्हा मला दिसला. दोनशे ते पाचशेपर्यंतचे आकडे कोरे झाले. सुभेदार साहेब काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसला. मी तो रंग पुन्हा भरला नाही. रंगवाल्याला नावं ठेवून तेच करायचं, हे मला जमलं नाही. टिपणवहीत लिहून ठेवलं: वरच्या ड्रमवरील २०० ते ५०० मधला मूळ रंग माझ्या हातून गेला, तारीख, सही.

भिंगांआधी एक तपासणी. त्या काळच्या भिंगांवर कधी प्रकाश न परावर्तित करणारा पातळ लेप असे, आणि तेव्हाचा लेप मऊ, नुसत्या कापसाने निघून जाणारा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब भिंगात पाहायचं: निळं-जांभळं दिसलं तर लेप आहे, पांढरं दिसलं तर उघडी काच. पुढचं भिंग आतून-बाहेरून पांढरं. डोळ्याकडचंही. जीव भांड्यात पडला.

भिंगाच्या कड्या आटे पाडून बसवलेल्या, आणि आट्यांमध्ये हवाबंद करायला भरलेलं लुकण वाळून गेलं होतं. हेअर ड्रायरने कोमट केलं, भिंग-पाना लावला, पाऊण तासात पहिली कडी सुटली. आत बुरशीची तीन जाळी, मध्यभागी एक मोठं, अगदी रांगोळीतल्या कमळासारखं. ओल साठ-सत्तर टक्क्यांच्या वर टिकली की ही उगवते, आणि उगवली की आम्ल सोडून काच खाते. म्हणून बुरशी काढली तरी कधी कधी तिची सावली काचेवर कायमची राहते. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पातळ अमोनिया समान, ताजं मिसळून, कापसाच्या काडीने, मधून बाहेर, प्रत्येक काडी एकदाच. दोन जाळी पूर्ण गेली. कमळाची मात्र पुसट छाया राहिली. तिरप्या उजेडात दिसते, डोळा लावला की नाही. बाहेरचे चुन्याचे ठिपके आधी डिस्टिल्ड पाण्याने भिजवून, मग अगदी पातळ व्हिनेगरने.

पुढचं भिंग दोन काचांचं, कॅनडा बाल्समने चिकटवलेलं. हा देवदारासारख्या एका झाडाचा चीक, काचेइतकाच प्रकाश वाकवतो म्हणून सांधा दिसत नाही. पण शंभर वर्षांकडे झुकला की कडेने सुटतो. इथं उजव्या कडेला नखाएवढा इंद्रधनुषी डाग. माझे हात शिवशिवत होते. भिंग तापवून दोन काचा वेगळ्या करायच्या, नवा बाल्सम घालून पुन्हा चिकटवायच्या, हे काम मला येतं. पण तापवताना काच तडकली तर दुसरी कुठून आणणार, आणि मुळात ही दुर्बीण आता कशावर नेम धरणार होती? डाग सोडला. आतली तार फुंकली नाही, रबरी फुगा लांबून दाबून धूळ उडवली, तेवढंच.

बंद करायची वेळ आम्ही मुद्दाम निवडली. नळी बंद केली की त्या क्षणीची हवा आत कैद होते. ऑगस्टमध्ये २८ अंशांना ८५ टक्के ओल असते. ती हवा आत गेली तर काच २५ अंशांना आली की आतून दव धरायला लागेल. मेच्या दुपारी ४४ अंशांना १५ टक्के असते. त्या हवेला दव धरायला काच १२ अंशांच्या आसपास थंड व्हावी लागते. बंद खोलीत नागपुरात तेवढी थंडी क्वचित. म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या उघड्या, अडीच वाजता, बनियनवर, घामाचा थेंब भिंगावर पडू नये म्हणून कपाळाला टॉवेल बांधून दोघांनी मिळून ती जोडली. सुभेदार साहेब म्हणाले, "पूर्ण नोकरीत इतका घाम कोणी गाळायला लावला नव्हता भाऊ."

मग ती त्यांनी डोळ्याला लावली आणि गच्चीवरून बराच वेळ पाहत राहिले. कुठं पाहत होते, मी विचारलं नाही.

दुर्बिणीच्या चामडी टोपण्या राहिल्या होत्या. त्यांच्या पितळी रिबिटांभोवती हिरवी बुरबुर आलेली; ती लाकडी काडीने काढली, चामड्याला तेल दिलं नाही, जुन्या चामड्याला तेल दिलं की ते काळं आणि लिबलिबीत होतं. टोपण्या वेगळ्या ठेवल्या, दुर्बिणीवर चढवल्या नाहीत.

ठेवायची जागा हा शेवटचा वाद. सचिवांना ती हॉलमध्येच हवी, कारण पाहुणे तिथं येतात. कूलर हलवा म्हटलं तर म्हणे कार्यक्रमाला तीनशे माणसं बसतात. शेवटी आतल्या वाचनालयात, पंख्याखाली, काचेचं कपाट केलं. भिंतीपासून चार इंच पुढं, आत सिलिका जेलचा डबा आणि आर्द्रता-मापक, तळाला लाकडाऐवजी पत्रा, कारण ताजं प्लायवूड आम्लाची वाफ सोडतं. रायफल दोन कापडी गाद्यांवर ठेवली, आणि या वेळी उलटी: दस्ता उजवीकडे, नळी डावीकडे. म्हणजे समोर येते ती वाचलेली डावी बाजू, तिचा ब्रॅकेट, तिचा 'टी'. घासलेली बाजू कपाटाच्या मागच्या पत्र्याकडे.

वर्धापनदिनाला सचिवांनी ती पाहिली. थोडे नाराज झाले. "एवढे पैसे, दोन महिने, आणि काहीच केल्यासारखं दिसत नाही," म्हणाले. सुभेदार साहेबांनी त्यांना दस्त्याच्या गळ्यावरचे पाच आकडे आणि दुर्बिणीवरचे पाच आकडे भिंगातून दाखवले. सचिवांनी दोनदा वाचले. मग त्यांनी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तेच दाखवलं, संध्याकाळी सातपर्यंत.

सप्टेंबरमध्ये कपाट उघडून पाहिलं. मापकावर ५२. सिलिका जेल गुलाबी झालेलं, तव्यावर भाजून पुन्हा निळं केलं. ब्रॅकेटच्या पुढच्या स्क्रूच्या खाचेत मोहरीएवढा तांबूस ठिपका होता. टोकदार बांबूने काढला, मेण लावलं, वहीत नोंद केली.